त्यासना डोकामा गाठ शे

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं कापड रंगवणाऱ्या हिलालने बायकोवर कधी हात उगारला नव्हता. त्या दुपारी मात्र त्याने पितळी तांब्या कलाबाईच्या कपाळावर हाणला आणि तिचा गळा आवळला. शेजारी धावून आले. "दारू चढलीय याला," म्हणत त्यांनी त्याला खाटेला बांधून काठीने झोडपायला सुरुवात केली.

रक्ताने माखलेली कलाबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. दोन फटके तिच्या पाठीत बसले. "नका मारा! त्यासना डोकामा गाठ शे!" ती किंचाळली.

फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूत पोचलाय, एवढंच तिला ठाऊक होतं. त्याने माणूस असा पिसाळतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेजाऱ्यांनी काठी टाकली आणि त्याला कॅन्सरच्या वॉर्डात नेलं. डॉक्टरांनी मेंदूची सूज उतरवणारं औषध दिलं, मग किरणांचे शेक सुरू केले. चौथ्या दिवशी हिलाल भानावर आला.

"तुना कपाळले काय व्हयनं?" त्याने कलाबाईला विचारलं.

"तुम्हीच मारं."

तो ढसाढसा रडला.

पुढे तो पाच महिने जगला, पण शांतपणे. कलाबाई अजूनही त्या वॉर्डात जाते आणि नव्या पेशंटच्या बायकांना बजावते, "माणूस एकाएकी चिडू लागला तर लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा."