साडूंच्या मशीनला धाप का लागते

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला: जगात विश्वास ठेवावा असं काही नाही, यावर. मेहकरच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचं घर आणि थोडी शेती आहे. सगळी नोकरी कोषागारात गेली, म्हणजे दुसऱ्यानं लावलेल्या कुलपावर आपलं सील मारण्यात. साडू निवृत्त झाले, संशय अजून सेवेत आहे. लग्नाला गेले की डावी चप्पल मांडवाच्या एका टोकाला ठेवतात आणि उजवी दुसऱ्या टोकाला. "चोराले जोड लागते, मास्तर," असं मला समजावतात. एका लग्नात उजवी कुठं ठेवली ते स्वतःच विसरले, आणि चोरी झाली म्हणून नवरदेवाच्या मामाकडे दिवसभर डोळे बारीक करून पाहत राहिले. डॉक्टरांनी तापमापी काढली की आधी डॉक्टरांनाच ती तोंडात धरायला लावतात. "पहिले ते बरोबर दाखवते का, ते पाहू."

अशा माणसानं लाकूड कापायची पेट्रोलवरची मशीन घेतली, तीही याच स्वभावापायी. बांधावरच्या बाभळी तोडायला मजूर आले, की ते झाडाकडे कमी आणि घराच्या दाराकडे जास्त बघतात, असं साडूंचं निरीक्षण. पहिलं वर्ष मशीन छान चालली. मग शेजारच्या सुतारचाचांनी दोन दिवसांसाठी ती मागून नेली. चाचांचं टिनाच्या छपराचं सुतारकामाचं दुकान साडूंच्या अंगणाला लागूनच आहे. दोघांचा सकाळचा चहा तोवर पंचवीस वर्षं एकाच ओट्यावर होत आला होता. जगात साडूंनी काही मागितल्याबरोबर दिलं असेल, तर ते चाचांनाच. मशीन परत आली आणि आठवड्याभरात तिला धाप लागायला लागली. सुरू झटक्यात व्हायची, सात-आठ मिनिटं गरगर चालायची, मग आवाज पातळ व्हायचा आणि गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"आतलं सामान बदललं बुढ्यानं," साडू म्हणाले. भांडण झालं नाही, शब्दही झाला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून साडूंनी चहा घरात घ्यायला सुरुवात केली. याला दोन वर्षं झाली.

यंदा मार्चमध्ये मी मलकापूरहून गेलो, तर अंगणातला मोठा निंब पार वाळला होता आणि बरोबर चाचांच्या टिनावर झुकला होता. वैशाखातली एक वावटळ त्याला पुरली असती, आणि चाचा दिवसभर त्याच टिनाखाली रंधा मारत बसतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे रोज उठून पह्यले त्या झाडाकडे पाह्यतात. बोलत नाहीत, पण जेवण जात नाही." झाड पाडायला मेहकरची माणसं बोलवायची सोय नव्हती, मशीन दुरुस्तीला न्यायची तर त्याहून नाही. "एकानं सामान काढलं, दुसरा उरलेलं काढंन."

मग मी त्यांना मोबाईलवरच्या एका ग्रुपात घातलं. अशा मशिनी वापरणारी शे-दोनशे माणसं तिथं एकमेकांना अडचणी विचारतात. साडूंनी आत शिरल्या शिरल्या खोटं नाव घेतलं आणि तीन दिवस नुसतं वाचलं. "फुकट सांगून राह्यले, मास्तर. कोनी कोनाले फुकट सांगते का?" चौथ्या दिवशी त्यांनी प्रश्न टाकला. सांगलीकडच्या एकानं प्लग साफ करायला सांगितला, नाशिककडच्या एकानं हवेची जाळी धुवायला, आणखी कुणी टाकीतली पेट्रोलची नळी आणि गाळणी तपासायला. साडूंनी सगळं केलं. मात्र निघालेला प्रत्येक भाग ताटात मांडून माझ्याकडून त्याचा फोटो काढून घेतला, पुरावा म्हणून. दोष सापडला नाही. मशीन सात मिनिटांनी गप्प.

तेव्हा कोकणातल्या एका बाईनं विचारलं, "काका, बंद पडण्याआधी नेमकी किती वेळ चालते?"

साडूंनी फोन उपडा ठेवला. "वेळ काऊन विचारून राह्यली? आन् बाईच हाय कशावरून?" ती काजूची बाग सांभाळते, स्वतः मशीन चालवते, असं मी सांगून पाहिलं. मग तिनं आवाज ऐकायला चित्रफीत मागितली. आपलं घर दिसू नये म्हणून साडूंनी मशीनमागे चादर धरून ताईला उभं केलं, आणि मला शूटिंग करायला लावलं. चादरीखाली ताईचे पाय आले, तर पुन्हा शूटिंग.

संध्याकाळी बाईचा निरोप आला, तिच्याच आवाजात. "काका, आता बंद पडली की दोरी ओढू नका. पेट्रोलचं झाकण हळूच सैल करा. फुस्स करून हवा आत गेली, तर इंजिन चांगलं आहे समजा. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होतं तशी त्यातून हवा आत जायला हवी. ते बुजलं की मशीनचा श्वास कोंडतो. आमच्याकडे कुंभारमाशी त्यात चिखल भरते. तुमच्याकडे काय भरलंय ते बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालली आणि गप्प झाली. साडूंनी झाकण फिरवलं. फुस्स. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून झाकण डोळ्यांपाशी धरलं आणि नखानं भोकाची कड खरवडली. मला वाटलं, माशीची माती असेल.

"लाख हाय," ते म्हणाले.

चाचांकडून मशीन आली तेव्हा टाकीत पेट्रोल दोन बोटं कमी वाटलं होतं. पुन्हा कुणी झाकण उघडलं तर कळावं म्हणून साडूंनी नोकरीतल्या सवयीनं त्यावर लाखेचं सील मारलं. पुढे पेट्रोल भरताना कडेची लाख त्यांनी फोडली, पण भोकात बसलेली लाख दोन वर्षं तिथंच होती. त्यांनी ताईकडून सुई घेतली, भोक मोकळं केलं, दोरी ओढली. अख्खी टाकी संपेपर्यंत मशीन थांबली नाही. आनंद कुणालाच झाला नाही.

साडू हात धुऊन चाचांच्या दुकानात गेले. मी मागे होतो. चाचा आडव्या फळीवर हात फिरवत बसले होते.

"चाचा, मशीनमधलं तुमी काही बदललं नव्हतं."

"मले माहीत हाय," चाचा म्हणाले.

"मले आज कळलं."

चाचांनी फळी खाली ठेवली. "शक घेतला त्याचं काही नाही, भाऊसाब. तुमी समद्यावरच घेता. पन एकदा विचारलं असतं ना. दोन वर्ष मी वाट पाह्यली, आज विचारतीन, उद्या विचारतीन."

साडू चाचांशेजारी, भुशातच बसले. चाचांनी सुनेला हाक मारून चहा सांगितला.

त्याच दुपारी निंब पाडला. दोर कुठं बांधायचा, खाच कोणत्या अंगाला घ्यायची, हे चाचांनी सांगितलं. साडूंनी एकदाही उलट विचारलं नाही. झाड टिनापासून लांब, अंगणात आडवं झालं. चाचा हळूहळू पुढे आले, बुंध्याशी बसले आणि कापल्या जागेवर तळवा फिरवू लागले. तेव्हा कुठं साडूंच्या लक्षात आलं, की चाचा बुंध्याकडे बघत नाहीत, नुसते चाचपतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. भिंतीपलीकडे कोण येतं, कोण जातं, किती वेळ थांबतं, याचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला दोन वर्षांत एवढं दिसलं नव्हतं.

"गाभा कसा हाय? कीड गेली का आतवर?" चाचांनी विचारलं.

साडू वाकले. त्यांनी दोनदा नीट पाहिलं. "नाही. साफ हाय."

"तुमी म्हनता, मंजे असन," चाचा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. साडूंनी त्यांना आधार दिला, आणि उठून झाल्यावरही हात तसाच धरून ठेवला.