तळहातावरची एरर

दुपारची जेवणं झाली आणि माझं मशीन मुकं झालं. संध्याकाळी राजारामपुरीतला एक कंपनीवाला मला पारखायला घरी येणार होता, आणि मला तर पडद्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

नववीत असताना तापात माझे डोळे गेले. तेव्हापासून मी जाईन तिथं अव्वाच्या हाताला धरून. आमच्यात आईला अव्वा म्हणतात, माहेर तिचं कर्नाटकाकडचं. पुढं मी कॉम्प्युटर शिकलो, लिनक्सवर हात बसला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यागत त्याचा आवाज. त्या आवाजावर माझा सगळा कारभार. कंपनीवाल्याला दुकानांच्या बिलांचे सर्व्हर सांभाळायला माणूस पाहिजे होता. मुलाखतीत माझी काठी बघून तो गडबडला, पण त्यानं उठवून लावलं नाही. म्हणाला, "घरी येतो. तुमच्याच मशीनवर काय येतंय ते दाखवा." बाकीच्या ठिकाणी नुसता चहा पाजून वाटेला लावलेलं. हेही गेलं तर पुन्हा कुठं अर्ज करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग गप बसावं की नाही? तर नाही, मला हौस! मशीन सुरू झाल्या क्षणापासून बोललं पाहिजे म्हणून मी आदल्या दिवशी कर्नल स्वतः कंपाइल करून नवा बांधलता. कर्नल म्हणजे सगळ्या सिस्टिमचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे त्या गाभ्याला मागाहून जोडायचे ड्रायव्हर. साउंड कार्डाचा एक, आणखी कशाकशाचे. डिस्क एवढीशी, म्हणून जागा करायला जुना कर्नल उडवला. मॉड्यूल कॉपी होताना शेकड्यांनी ओळी येतात आणि तो पत्र्याचा बाबा एकेक ओळ वाचत बसतो. वैतागून मी आवाज बंद केला आणि चहा प्यायला गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी जेवून मशीन रीस्टार्ट केलं, तर ते बोलेचना.

आवाज नाही म्हणजे साउंड कार्डाचा मॉड्यूल चढला नाही, एवढं कळत होतं. का चढला नाही ते पडद्यावर लिहून आलं असणार, माझ्या नाकासमोर. आयला, असला संताप आला!

मग एक युक्ती काढली. कमांड द्यायची आणि तिच्या शेपटीला दुसरी जोडायची, की पहिली जमली तरच सीडीचा ट्रे बाहेर काढ. बोटं मशीनच्या डब्याला लावून बसायचं. ट्रे बोटांना लागला तर हो, नाहीतर नाही. मॉड्यूलची फाइल जागेवर आहे का? ट्रे बाहेर आला. आहे. ट्रे आत ढकलला. मॉड्यूल चढव. ट्रे हलला नाही. सगळे मॉड्यूल पुन्हा कॉपी कर. बराच वेळ डबा कुरकुरला, मग गप झाला. ट्रे आतच. आता मात्र तोंडचं पाणी पळालं. हो-नाही कळत होतं, पण का ते ट्रे कुठला सांगणार?

"अव्वा," मी हाक मारली, "पडद्यावर काय लिवलंय बघ."

"मला कुठली आलीया एबीसीडी?"

"मग कशाला हुबी हायस हितं? जा आत!"

ती गेली नाही. तिनं माझा हात ओढून घेतला, मूठ उघडली आणि तळहातावर बोटानं रेघा मारल्या. एक उभी, तिला तीन आडव्या. "खालच्या वळीत हे असं हाय. त्याच्या आदी तीन चांदण्या हाईत."

"E!" मी ओरडलो. डोळे जायच्या आधी शिकलेली अक्षरं हाताला ओळखू येत होती. पुढची अक्षरं आली, शब्द झाला एरर. "एरर हाय ते मलाबी म्हाईत हाय गं! वरची वळ घे. शेवटच्या शब्दापासनं. लौकर!"

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. कंपनीवाला वेळेआधीच हजर. अव्वा उठायला लागली, मी तिचं मनगट धरून ठेवलं.

"अडलंय व्हय? मी वाचू का?" तो म्हणाला.

"नको!" मी जवळजवळ खेकसलोच. त्यानं वाचलं असतं तर तिथंच संपलं होतं. तो मागं उभा राहिला, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. अव्वाचं बोट घामानं घसरत होतं. शेवटचा शब्द device. त्याच्या आधीचा on. त्याच्या आधीचा left. पुढचा मी काढूच दिला नाही. No space left on device, म्हणजे डिस्क भरली होती. काल मॉड्यूल अर्धेमुर्धे कॉपी झाले, आणि ते सांगणारा आवाज मीच बंद केलता.

डिस्कवर रेडिओवरनं रेकॉर्ड करून ठेवलेली गाणी होती, वर्षभराची. अव्वाची आवडतीही त्यातच. न विचारता सगळी उडवली. पुन्हा कॉपी. डबा कुरकुरत राहिला, आणि ट्रे सरकन येऊन माझ्या बोटांना लागला. मॉड्यूल चढला, पत्र्याचा बाबा बोलायला लागला. मग मला जे जे येत होतं ते मी धडाधड कंपनीवाल्याला करून दाखवलं.

"ब्येस," तो म्हणाला. "पण पावणं, खरं बोलू? हापिसात आई कुठनं आणायची?"

माझे कान तापले. "तुमच्या हापिसात अक्षरं येणारं येखादं माणूस असंल की. हिला तर एबीसीडीबी येत न्हाय."

"येत न्हाय? मग वाचलं कसं?"

"वाचलं कुठं?" अव्वा म्हणाली. "दारात रांगोळी काढतो, तसं बघून काढलं."



"सोमवारी या," कंपनीवाला म्हणाला. "आमची माणसं वाचून दावतील, त्याचं काय न्हाय. पण एकटं यायचं. आई सोडायला आली तर चालायचं न्हाय."

"येतोय की! का न्हाय यायचा?" अव्वा मोठ्यानं म्हणाली. सगळं दाखवून झाल्यावर माझा हात पुन्हा तिच्याच हातात गेला होता. तो तिनं तेव्हा सोडला. मला नोकरी लागली होती, आणि मी तो हात चाचपून शोधत होतो.