नाताळातली भाऊबीज

आमच्या घरात भाऊबीज दिवाळीत होत नसे. ती नाताळात होई. ज्याने फुलशेतीचे घर पाहिलेले नाही त्याला हे चमत्कारिक वाटेल. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमचा मळा आणि नाशिकचा फुलबाजार यांच्यामध्ये माणसांची आणि झेंडूच्या टोपल्यांची अखंड ये-जा चाले, आणि बीजेच्या दिवशी घरातला प्रत्येक जण जागा मिळेल तिथे आडवा झालेला असे. माझ्या बहिणीचे सासर सिन्नरकडचे, तेही फुलांचेच, जोडीला कांदा. तेव्हा कोणी कोणाला ओवाळायचे? आक्काच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी आईने तोडगा काढला. मी तेव्हा शिकायला मुंबईला होतो आणि मला नाताळची सुट्टी मिळे. आई म्हणाली, दीड महिना उशिरा ओवाळले म्हणून भाऊ काही बदलत नाही.

पुढे मी मुंबईतच नोकरीला लागलो, लग्न केले, मुले कॉन्व्हेंटमध्ये जाऊ लागली. नाताळची सुट्टी मात्र कायम राहिली आणि आमची बीजही.

आक्का आली की आधी विहिरीवर जाई. स्वतः बादली शेंदून पाय धुई, ओंजळभर पाणी पिई आणि मगच उंबरा ओलांडे. त्यानंतर पिशवी कोपऱ्यात ठेवून माळा ओवायला बसे, कारण त्या दिवसांत पांढरी शेवंती जोरात असे आणि शहरातल्या एका चर्चला ती दर वर्षी आमच्याकडून जाई. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा बंद केली होती. ओवायला हात हवे होते आणि माझे हात पुस्तकात गुंतलेले होते. लहानपणी मी ओट्यावर बसून कविता मोठ्याने पाठ करी. मी अडलो की पुढची ओळ, सुईतला दोरा न थांबवता, ती सांगे. माझ्या शिक्षणात तिचा वाटा किती होता, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला. तो यायला हवा होता तेव्हा मी दुसऱ्याच वाट्याच्या विचारात होतो.

नव्वदच्या दशकात प्रत्येक नाताळात मी कसारा घाट चढून यायचो तेव्हा शहर आमच्या मळ्याच्या आणखी जवळ आलेले असे. एका वर्षी शेजारची द्राक्षबाग उपटून वेलींचा ढीग रचलेला दिसला. पुढच्या वर्षी तिथे चार मजले उभे होते आणि गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते. पाटाकडेच्या पायवाटेवर डांबर पडले. केकची दुकाने निघाली, दारोदार कागदी तारे लटकू लागले. खरे सांगायचे तर मला ते सारे आवडे. मुंबईच्या कचेरीत मी अभिमानाने सांगत असे की आमचे नाशिक आता मागे राहिलेले नाही. गावाची वाढ ही जणू माझीच बढती होती.

वडील गेले त्या वर्षीच्या नाताळात दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला बाजूला घेतले. मळा तो कसत होता आणि थकला होता. मजूर कारखान्यांकडे वळले होते, चहूबाजूंच्या इमारतींचे सांडपाणी वाफ्यांत उतरत होते. एका बिल्डरशी त्याचे बोलणे झालेले होते. कागद तयार होते, फक्त आक्काचे हक्कसोडपत्र हवे होते. वडिलांच्या मागे तिचाही हिस्सा येत होता. दादा म्हणाला, "तू बोल. मी बोललो तर भांडण व्हईल. तुझं ती ऐकती."

इथे दादावर सगळे ढकलून मोकळे होता आले असते, आणि बरीच वर्षे मी मनातल्या मनात तेच केले. पण दादाने मला काही नवे सांगितले नव्हते. मला मुंबईत मोठे घर हवे होते. आणि आपण बोललो तर आक्का नाही म्हणणार नाही, हे मला दादापेक्षा चांगले ठाऊक होते. माझा आवाज हळू आहे. मी कधी कोणावर ओरडलेलो नाही. लोक त्याला सभ्यपणा समजतात. मीही तसेच समजत होतो.

बहिणीने हक्क सोडला की भावाने तिला साडीचोळी करायची, अशी आमच्याकडे रीत आहे. रीत म्हणण्यापेक्षा पडदा म्हणणे योग्य होईल. मी येवल्याला जाऊन मोरपंखी पैठणी आणली आणि ती बीजेच्या ओवाळणीत घातली, म्हणजे सहीच्या आधीच. आक्काने ताट खाली ठेवून घडीवरून हात फिरवला.

"एवढी भारी? ही नेसून मी काय कांदे लावू?" असे म्हणून ती हसली. आई मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि निरांजन उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का शेवंती खुडत होती. मी तिच्याबरोबर सरीतून चालू लागलो. वाक्ये मी आदल्या दिवशीच जुळवून ठेवली होती: सातबाऱ्यावर नावे फार झाली की कामे अडतात, तुला प्रत्येक वेळी सिन्नरहून हेलपाटे नकोत, ही नुसती कागदाची बाब आहे. त्यातले एकेक वाक्य खरे होते आणि सगळी मिळून खोटी होती. बिल्डरचा मी उच्चारही केला नाही. ती खुडत राहिली. टोपली निम्मी भरल्यावर तिने एवढेच विचारले.

"विहीर ऱ्हाईल ना?"

नकाशा मी पाहिला होता. विहिरीच्या जागी गाड्या उभ्या करण्याची सोय दाखवलेली होती.

"राहील," मी म्हणालो.

"मग चल. कुठं करायची सही?"

निबंधकाच्या कचेरीत ती रोजच्याच लुगड्यात आली. अधिकाऱ्याने ठरलेला प्रश्न विचारला, सही राजीखुशीने करता ना, कोणाचा दबाव नाही ना. आक्काने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दबाव कसला साहेब, भाऊ लय गोड बोलतो माझा."

कारकून हसले. अधिकारीही हसला आणि त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला. मीसुद्धा हसलो. आज मागे वळून पाहताना मला सहीपेक्षा ते हसणे अधिक लाजिरवाणे वाटते. तिला सगळे कळले होते की नाही, हे मी कधी विचारू शकलो नाही. मला वाटते, विहीर सोडून बाकी सगळे कळले होते.

पुढच्या नाताळापर्यंत मळ्याभोवती पत्रे ठोकले गेले. आम्ही जवळच्याच एका इमारतीत भाड्याने राहायला गेलो होतो. आक्काला पत्ता कळवला होता. बीजेच्या दिवशी आईने पाट मांडला, वाती वळल्या. दुपार टळली तरी ती आली नाही. तिन्हीसांजेला दादा एक स्टीलचा डबा घेऊन आला. त्यात करंज्या होत्या. बांधकामावरच्या रखवालदाराने तो दिला होता. सिन्नरच्या जीपमधून उतरून आक्का नव्या घराकडे न येता सवयीने आधी मळ्यावर गेली होती. रखवालदाराने तिला अडवून "किसको मिलना है?" असे विचारले. त्यावर तिने सांगितले, कोणाला नाही, पाणी प्यायचे आहे. आत विहिरीत टिपरने मुरूम ओतणे चालू होते. ती पत्र्याच्या फटीतून बराच वेळ पाहत उभी राहिली, मग डबा त्याच्या हाती देऊन आल्या वाटेने परत गेली. त्याने तिला बाटलीतले पाणी देऊ केले होते. तिने ते घेतले नाही.

आई रात्री जेवली नाही. मी करंजी खाल्ली. न खाणे म्हणजे कबूल करणे झाले असते.

त्यानंतर आक्का भांडली नाही, रुसली नाही. दर वर्षी निरोप येई की कांद्याची लावणी चालू आहे, निघता येत नाही. आई गेली तेव्हा ती आली आणि दहावे होताच परतली. सिंहस्थाच्या आधी आमच्याकडचे रस्ते रुंद झाले, चौकाचौकांत दिवे आले. तिच्या गावाहून आता तासाभरात पोचता येत असे. दरवेळी मला वाटे, या वर्षी आपण सिन्नरला जाऊ, तिच्या दारात पाटावर बसू. आणि दरवेळी सुट्टी संपून जाई.

मुलीचे लग्न मी मुद्दाम नाशिकला, नाताळच्या सुट्टीत केले. गंगापूर रोडवर जिथे पूर्वी टोमॅटोचे मांडव असत तिथे आता लग्नाची लॉन्स झाली आहेत. त्यातलेच एक घेतले. आक्का आली. मागच्या रांगेत बसली. पंगती उठल्यावर तिने मुलीच्या हातात आहेर ठेवला. मुलीने कागद उलगडला तर आत मोरपंखी पैठणी होती. घडी मोडलेली नव्हती. येवल्याच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच टाचलेली होती.

"आत्या, केवढी सुंदर आहे," मुलगी म्हणाली.

"तुझ्या बापानंच दिलेली हाय. मी नुस्ती सांभाळली. तू नेस."

मुलगी हरखून कोणालातरी दाखवायला गेली. खुर्च्या उचलल्या जात होत्या. मी आक्काच्या शेजारी बसलो. दहा वर्षे जुळवलेली वाक्ये माझ्यापाशी होती, आणि या वेळी ती सगळी मिळूनही खरी होती. मी घसा साफ केला, "आक्का" एवढे म्हणालो, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो तसाच खरखरीत होता. शेवंतीच्या चिकाने बोटांची टोके काळवंडलेली होती.

"नको बोलू रे भाऊ," ती म्हणाली. "तू बोलाय लागला की मला वाटतं, आता कुठंतरी सही करावी लागंल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती उठली, पदर खोचला आणि सिन्नरची गाडी कुठून मिळेल हे तिने माझ्याऐवजी वाढप्याला विचारले. मी तिला फाटकापर्यंत पोचवले, वाटेत एक शब्द न बोलता. त्या दिवशी तिच्यासाठी मला करता येण्यासारखे तेवढेच उरले होते.