एक ताट कमी

वहिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात हजेरी घ्यायच्या. सव्वीस वर्षं रोज सकाळी मस्टर घेऊन शिवणयंत्रांच्या रांगांमधून फिरायचं, एकशे चाळीस डोकी मोजायची आणि आपली स्वतःची सही मात्र वरच्या मजल्यावरच्या वेगळ्या वहीत करायची. डोकी मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वर्षाची मोठी सुट्टी आली की सगळं खटलं त्यांच्याकडे जेवायला यायचं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या म्हणून नव्या सुनेनं सगळं केलं, चांगलं झालं, आणि चांगलं केल्याची शिक्षा तेव्हापासून चालू आहे. धाकट्या दिरांचं घर यांच्या दुप्पट. पण त्यांचं आपलं दरवर्षी एकच, "वहिनी, तुमच्या हाताची चव कुणाला येणार?" असल्या कौतुकानं भांडी घासून निघत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

यंदा मात्र वहिनींनी मनाशी ठरवलं होतं. सगळ्यांबरोबर बसायचं आणि गरम जेवायचं. बस्स, एवढंच. आजवर सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभ्यानं, पातेल्याच्या तळाशी राहिलेलं निवलेलं खायचं, असा रिवाज पडला होता. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे बोलायला लागले होते. म्हणून चार दिवस आधीच त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं.

"अहो, यंदा मी तुमच्याबरोबर बसणारे हं जेवायला."

नवरोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बस की. तुला कुणी अडवलंय?"

खरंच कुणी अडवलं नव्हतं. दुखणं तर तेच होतं.

सुट्टीच्या दिवशी वहिनी पहाटे पाचला ओट्याशी उभ्या राहिल्या त्या दुपारी एकपर्यंत. जेवणाचं टेबल, इस्त्रीचं टेबल आणि शेजाऱ्यांचं घडीचं टेबल एकाला एक जोडलं. तिघांची उंची वेगवेगळी, त्यामुळे चादर मधेच उतरणीला लागली होती. वाढायला कुणाला उठावं लागू नये म्हणून भात, भाज्या, कोशिंबीर सगळं टेबलावरच मांडलं. रस्सा तेवढा मंद आचेवर ठेवला. मग ताटं मोजली, खुर्च्या मोजल्या. बावीस. नणंदबाई शेवटची भाजी उतरल्यावर आत डोकावून म्हणाल्या, "वहिनी, काही मदत करू का?"

सगळे बसले. वहिनींनी हात धुतले, केस सारखे केले आणि बाहेर आल्या. एकही खुर्ची मोकळी नव्हती. टेबलाला एक फेरी मारून पाहिलं तरी नव्हती.

"अहो, एक ताट कमी पडलंय. कुणी जास्तीचं आलंय का?"

नवरोबांनी उभं राहून बोटानं सगळी डोकी मोजली. "बावीस. बरोबर आहे. सगळे आलेत."

वहिनींनीही नजरेनं मोजलं. बावीस. बरोबर. आणि मग लख्खकन लक्षात आलं. मस्टरवर घेतात तशीच हजेरी त्यांनी घरात घेतली होती. चार दिवस मनात एकच गोष्ट घोळवली आणि तीच मोजायची राहिली. वहिनींना स्वतःचाच भयंकर राग आला. दुसऱ्या कुणावर चिडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

'बसा तुम्ही, मी मागाहून बसते' हे वाक्य सवयीनं ओठांवर आलंही होतं. पण गुडघ्यांनी ते बोलू दिलं नाही.

"मी राहिले," त्या म्हणाल्या. "मी मलाच मोजलं नाही."

मग एकदम आठ-दहा जण उठले. "वहिनी, इथे बसा", "नाही, इथे", खुर्च्या एकमेकींत अडकल्या, पाण्याचा पेला आडवा झाला. वहिनींना वाटलं, आता हा गोंधळही मलाच निस्तरायचाय. पण तेवढ्यात नवरोबा खाली मान घालून आपल्या खुर्चीमागे सरकले. त्यांचे कान लाल झाले होते. "इथे बस," एवढंच म्हणाले आणि रस्सा आणायला आत गेले.

वहिनी बसल्या. पाठ टेकली तेव्हा कळलं, आपण किती दमलोय ते.

"अगं, डाव कुठाय?" आतून हाक आली.

वहिनी अर्ध्या उठल्या. मग पुन्हा बसल्या. "बघा, सापडेल."

आत भांडी आपटत राहिली. बऱ्याच वेळानं नवरोबा पातेलं घेऊन आले, चहाच्या कपानं वाढू लागले आणि पहिलं त्यांनी वहिनींच्याच ताटात वाढलं. भात कालवून वहिनींनी पहिला घास घेतला. जीभ पोळली, डोळ्यांत टचकन पाणी आलं.

नणंदबाईंनी पाणी पुढे केलं. "काय हो वहिनी, तिखट झालंय का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "गरम आहे."