गच्चीवरचा आंतरराष्ट्रीय करार

टेंबेबाई गेल्याचा फोन मला सबनीसांनी केला. सबनीस म्हणजे बाईंच्या कोथरूडच्या सोसायटीचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले, आणि बाईंचे तहहयात विरोधी पक्षनेते. सकाळची वेळ होती, मी खराडीला एका बैठकीसाठी निघालो होतो. “टेंबेबाई गेल्या,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “लिफ्ट चालू आहे. या.” सबनीसांना ओळखणाऱ्यांना कळेल की त्यांच्या हिशेबी हे वाक्य हंबरडा फोडण्याच्या अगदी जवळचं होतं. मी गाडी वळवली.

शुभदा टेंबे आमच्या संस्थेत आंतरराष्ट्रीय ऊर्जा धोरण विभागाच्या प्रमुख होत्या. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की बाई सांगायच्या, “कुठल्या देशानं वीज कशापासून करावी, शेजाऱ्याला कशी द्यावी आणि गरिबाच्या घरापर्यंत ती कशी पोचवावी, याचा अभ्यास करून सरकारांना सल्ला द्यायचा. त्यांनी ऐकला नाही की पुन्हा द्यायचा.” आडनाव टेंबे असून त्यांनी कधी टेंबा मिरवला नाही. एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. फाटकावरच्या पाटीत कुणीतरी हौसेनं ‘थिंक टँक’ असे शब्द घातले होते. एका उन्हाळ्यात एक गृहस्थ घाम पुसत आत आले आणि टँकर किती वाजता मिळेल म्हणून विचारू लागले. बाईंनी त्यांना बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “आमच्याकडे पाणी नसतं हो, फक्त विचार असतात. आणि तेही सध्या कमी दाबानं येतायत.”

मी इंजिनिअर होऊन त्यांच्याकडे मुलाखतीला गेलो, तेव्हा जगाच्या ऊर्जा संकटावर भलंमोठं सादरीकरण तयार करून नेलं होतं. पहिलीच चकचकीत स्लाइड पडद्यावर आली आणि बाईंनी हात वर केला. “तुमच्या घरी विजेचा मीटर कुठे आहे?” मला सांगता येईना. “कुठे राहता?” “कात्रजला.” “मग जाऊन बघून या. जग कुठे पळून जात नाही.” मी खरंच कात्रजला गेलो, जिन्याखाली सायकलींच्या मागे लपलेला मीटर पाहिला आणि घामाघूम होऊन परत आलो. बाई म्हणाल्या, “आलात? पुष्कळ जण येत नाहीत.” तीच माझी निवड. दुसऱ्या दिवसापासून मी ‘अरे मंदार’ झालो.

त्यांच्याबरोबर मी बरेच देश फिरलो. बाईंच्या बॅगेत अहवाल कमी आणि भाजणीच्या चकल्या जास्त असत. विमानतळावर अधिकाऱ्यानं डबा उघडायला लावला, तर त्यालाच एक चकली देऊन त्या पुढे जात. एकदा आम्ही दोन शेजारी देशांच्या वाटाघाटींना सल्लागार म्हणून गेलो होतो. एकाकडे धरणाची भरपूर वीज, दुसऱ्याकडे अंधार, आणि मधल्या तारा जोडायला कुणी तयार नाही. वीजवाल्या देशाचा एक ज्येष्ठ अधिकारी प्रत्येक मसुद्याला नकार द्यायचा. कारण विचारलं की नियमांची लांबलचक फाइल वाचून दाखवायचा. आम्ही सगळे टेबलाच्या अलीकडे बसून त्याला आकडे ऐकवत होतो. दुसऱ्या दिवशी बाई उठल्या, चकलीचा डबा घेतला आणि टेबलाला वळसा घालून त्या गृहस्थाच्या शेजारी जाऊन बसल्या. चहाच्या सुट्टीनंतरही तिथून उठल्या नाहीत. दोघं कुजबुजत होती, मध्येच हसत होती. आमचे बाकीचे सल्लागार अस्वस्थ. बाई पक्ष बदलताहेत की काय!

दुपारी त्यांनी मला बाजूला घेतलं. “अरे, त्याची म्हातारी आई आहे. उन्हाळ्यात वीज गेली की ती सगळ्या शहराच्या वतीनं याला फोन करून झापते. उद्या वीज शेजाऱ्याला दिली आणि घरी दिवे गेले, तर काय होईल या भीतीनं तो अडून बसलाय. फाइलमध्ये आई कशी लिहिणार?” मग त्यांनी मसुद्यात एक साधं कलम घालून घेतलं. टंचाईच्या दिवसांत आधी स्वतःच्या शहरांची गरज भागवावी, मग उरलेली वीज शेजाऱ्याला द्यावी. गृहस्थांनी सही केली. निघताना डब्यातल्या उरलेल्या चकल्या आईसाठी मागून घेतल्या. “समोर बसलं की भांडण होतं रे,” विमानात बाई म्हणाल्या, “शेजारी बसलं की गप्पा होतात.”

परदेशात हे असं, आणि कोथरूडमध्ये? आपल्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील, एवढीच बाईंची मागणी होती. सर्वसाधारण सभेत दरवर्षी त्या ती मांडत आणि दरवर्षी सबनीस ती पाडत. कधी वादळाचं कारण, कधी गळतीचं, कधी कोजागिरीला दूध प्यायला बसायचं कुठे. एका सभेत ते म्हणाले, “टेंबेबाई, तुम्ही आफ्रिकेत उजेड पाडताय, तेवढा पुरे आहे. आमच्या जिन्यात दिसतं.” सभा हसली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरात कागद लागला: ‘गच्ची ही गच्ची आहे, प्रयोगशाळा नव्हे. – सचिव.’ बाई ऑफिसात येऊन धुमसत. तीन खंडांतले मंत्री ज्यांचं ऐकतात, त्यांचं एक सबनीस ऐकत नव्हता! मीही त्यांच्यासाठी आलेख काढून दिले, रंगीत. सबनीसांनी ते पाहून रंग छान आलेत, एवढंच म्हटलं.

पुढे बाई आजारी पडल्या. हृदय थकलं होतं. प्रवास बंद झाले, डॉक्टरांनी घरूनच काम करायला सांगितलं. मी एकदा भेटायला गेलो, तर अंथरुणावर बसून सभेसाठी नवं भाषण लिहीत होत्या. मी सहज विचारलं, “बाई, तुम्ही सबनीसांच्या शेजारी कधी बसलात?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात सटकलो. “मला शिकवू नकोस,” मागून आवाज आला. मी कप विसळत असतानाच पुन्हा, “संध्याकाळी तो कुठे असतो, वॉचमनला विचार बरं.”

सबनीस संध्याकाळी गच्चीवर असत. पश्चिमेच्या कोपऱ्यात, एका वेताच्या खुर्चीत. बाई एक एक पायरी थांबत वर गेल्या आणि काही न बोलता शेजारच्या कठड्यावर बसल्या. पहिल्या दिवशी सबनीस “इथे वारा असतो, त्रास होईल,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंसाठी उशी आणली. आठवडाभरानं बाईंना कळलं की सबनीसबाई हयात असताना त्याच कोपऱ्यात कुरडया वाळत घालत, आणि सबनीस कावळे हाकायला तिथेच बसत. त्या गेल्यावर कुरडया थांबल्या. कावळे मात्र अजून येत, आणि सबनीसही. नकाशावर आम्ही पॅनेलची पहिली रांग नेमकी त्याच कोपऱ्यात काढली होती.

बाईंनी मला फोन केला. “नकाशा फाड. तो कोपरा सोड. बाकीचे पॅनेल माणूस खालून आरामात जाईल एवढ्या उंच चौकटीवर घे, मांडवासारखे. खाली कोजागिरी करू देत, लग्न लावू देत.” त्या वर्षीच्या सभेत ठराव आला तो सबनीसांनीच मांडला. भाषणात बाईंचं नाव नव्हतं. वर “हे मी पहिल्यापासून म्हणत होतो” असंही एक वाक्य होतं. बाईंनी सगळ्यांत आधी हात वर केला.

पॅनेल सुरू झाले तेव्हा बाईंना जिना चढवत नव्हता आणि लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. सबनीस म्हणाले, खुर्चीत बसवून नेऊ. बाईंच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची घेतली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सत्तरी ओलांडलेले सबनीस, मध्ये बाई.

“हळू रे! मी काय ट्रान्सफॉर्मर आहे का?”

“ट्रान्सफॉर्मर गप्प असतो,” सबनीस धापा टाकत म्हणाले.

वर पोचल्यावर बाईंनी पॅनेलच्या सावलीत मान वर करून पाहिलं, मग तारा, मग चौकटीचे नट. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. “तिसरी चौकट वाकडी बसवलीय,” त्या म्हणाल्या. सबनीसांनी लगेच पॅनेल बसवणाऱ्याला फोन लावला. त्यानंतर दोघं कितीतरी वेळ कुरडयांबद्दल बोलत बसली. चिकाला उकळी किती यायला हवी, यावर त्यांचं भांडण झालं. परत खाली नेताना सबनीसांना दम लागला म्हणून आम्ही बाईंना हाताला धरून उतरवलं, आणि खुर्ची वरच राहिली. माझी आणि बाईंची ती शेवटची भेट.

गेल्या रविवारी मी तिथे गेलो होतो. आता ऑफिसात बाईंचं काम माझ्याकडे आलंय, पुढच्या महिन्यात तेच दोन शेजारी देश पुन्हा बसणार आहेत. घरी राहवेना. सबनीस आपल्या कोपऱ्यात होते. जेवणाच्या टेबलाची ती खुर्ची त्यांच्या शेजारी, स्वच्छ पुसलेली. मी बसायला गेलो, तर ते म्हणाले, “कठड्यावर बसा. वारा चांगला असतो.”

“खुर्ची खाली नेऊन ठेवू का?” मी विचारलं.

“कशाला? खाली कोण बसणार आहे.”

मी कठड्यावर बसलो. सबनीस उठले, भिंतीवरच्या डब्यातला मीटर पाहून आले आणि पुन्हा वेताच्या खुर्चीत टेकले. मग मान जराशी वळवून, माझ्याकडे नव्हे, म्हणाले, “आज ढग होते. तरी वीज बरी झाली.”