मॅक की विंडोज, आणि फुटलेलं कपाळ

मंडळी, शर्टावर रक्त आहे. माझं नाही. धुवायच्या आधी लिहितोय.

निघालो होतो तुंगार्लीच्या तळ्यावर, पण कार्ल्यात तात्यांकडं, म्हणजे चुलत्यांकडं, चहाला थांबलो आणि अडकलो. तात्यांची शीतल नकाशे काढायचा कोर्स करणार, तिला लॅपटॉप घ्यायचाय. त्यावरून तिचे दोन भाऊ आठवडाभर भांडतायत. थोरला बंड्या बंगल्यांचे व्हिडिओ काढतो, त्याला मॅकच पाहिजे. धाकटा संत्या कंपनीत विंडोजवर बसतो, त्याला तेच.

तात्या वैतागले. "चला देवळात, कौल लावू."

देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर मॅक, डावं पडलं तर विंडोज. डावं पडलं.

"पंख्यानं पाडलं ते!" बंड्या ओरडला.

(पंखा मीच लावलेला, लय उकडत होतं.)

"देवाला खोटं पाडतो व्हय रं?" संत्यानं कॉलर धरली. बंड्यानं हातातला नारळ सरळ त्याच्या कपाळावर हाणला. संत्यानं समई उचलून त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. मधे पडलो तर पोटात लाथ बसली.

दवाखान्यात शीतलला विचारलं, "तुला कुठला पायजे गं?"

"कोर्सचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, दादा. मला पयल्यापास्नं म्हाईत हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"विचारणारा तूच पयला."

तात्या म्हणतात, आता लॅपटॉप बंद, कोर्सपण बंद. मारामारी भावांची झाली आणि शिक्षण तिचं थांबलं. तुमच्या घरात पोरीला काय पाहिजे, हे पोरीला कोण विचारतं?