कार्मने गोळा केलेला विश्वास

कार्म झेराफाच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती, आणि तोच हात नाचवत तो डेस क्विलिगनची तारीफ करत फिरायचा. सेंट ऑल्बन्स उपनगरात माल्टाहून आलेल्यांचा माल्टीज क्लब होता; तिथे नवा माणूस आला, की बिअरचा पहिला घोट पोटात जायच्या आत त्याला ती कथा ऐकावी लागे. कत्तलखान्यातल्या करवतीने बोटं नेली, कंपनीने हात झटकले, आणि डेस वकिलाने एक डॉलरही आगाऊ न घेता वर्षानुवर्षं भांडून भरपाई मिळवून दिली.

पुढे डेसची वकिली कंपनी शेअर बाजारात उतरली. कार्मने उरलीसुरली भरपाई तिच्यात घातली. पण तेवढ्यावर गप्प बसेल तर तो कार्म कसला! क्लबातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात त्याने ते शेअर मारले. शहरात जाऊन कंपनीच्या वार्षिक सभेत जांभया द्यायची हौस कुणालाच नव्हती. म्हणून दरवर्षी कार्म घरोघरी फिरून सगळ्यांची अधिकारपत्रं गोळा करी: माझ्या वतीने डेसने मत द्यावं, हो की नाही ते त्यानेच ठरवावं. लोक न वाचता सही ठोकत. मग तो गठ्ठा आणि बायकोने, जूझाने, भाजलेल्या चीजभरल्या पास्तित्सी घेऊन स्वारी डेसच्या ऑफिसात.

यंदा मात्र शेअर निम्म्यावर आला होता. जूझा पीठ मळता मळता करवादली, "त्याला गरमागरम पास्तित्सी, आणि आपल्याला काय? अंगठा?"

"बाजार आहे, वर-खाली व्हायचंच."

"वर कधी गेलेला ते सांग फक्त."

कार्मच्याही मनात पाल चुकचुकत होतीच. कंपनी म्हणे नफा वाढला, आणि शेअरवाल्यांना वाटायला कर्ज काढते. क्लबातल्या चेन्सूच्या जायबंदी गुडघ्याचा खटला याच कंपनीकडे वर्षानुवर्षं पडून होता, त्याच्या फोनलाही कुणी जुमानत नव्हतं. तरी कार्मने गठ्ठा नेऊन दिलाच. डेसवर शंका घेणं म्हणजे त्याला स्वतःच्या हातावर शंका घेण्यासारखं वाटे.

सभेत डेसने ठराव मांडला: आणखी कर्ज काढायचं, नवे शेअर विकायचे आणि ब्रिस्बेनची एक वकिली कंपनी तिच्या हजारो खटल्यांसकट विकत घ्यायची. कार्म उभा राहिला.

"डेस, नफा झालाय तर कर्ज कशाला?"

"कार्म, दोस्ता, नफा झालाय, पैसा यायचाय. हातातल्या खटल्यांची जी फी मिळणार, ती आपण आत्ताच नफ्यात धरतो. सगळं नियमात बसतं."

"न जिंकलेल्या खटल्यांची फी?"

"जिंकणार असलेल्या!"

"चेन्सूच्या गुडघ्याचीसुद्धा?"

"अरे, चेन्सूचा गुडघा तर आपली ठेव आहे!"

अख्खं सभागृह खो खो हसलं. कार्मच्या अंगाची लाही लाही झाली. कत्तलखान्यात मजुरी मिळायची ती आकड्याला टांगलेल्या जनावराची, कुरणात चरणाऱ्याची नाही. त्याला हेच बोलायचं होतं, पण चारचौघांत त्याचं इंग्रजी नेहमी दगा देई. तो खाली बसला.

मतदानाला मात्र त्याने दोन बोटांचा हात ताठ वर केला, ठरावाच्या विरोधात. आजूबाजूला पाहतो तर विरोधात हातच हात! त्याच्या जिवात जीव आला. मग कंपनीच्या चिटणीसबाईंनी गैरहजर शेअरवाल्यांची अधिकारपत्रांवरची मतं त्यात मिळवली आणि ठराव काठावर पास झाला.

कार्म धावत त्यांच्याकडे गेला. "मी आणलेली पत्रं परत द्या."

"मुदत संपली, मिस्टर झेराफा. ती मतं पडलीसुद्धा."

तेवढ्यात डेसने मागून खांद्यावर हात टाकला. "आज तुझ्या क्लबाने तारलं बघ मला. सगळ्यांना माझे आभार सांग."

"डेस, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर सह्या केल्या असत्या का?" डेस डोळा मारून हसला आणि चहाकडे वळला.

याच माणसाचं नाव आपण जपमाळेसारखं घोकलं! कार्मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःची चीड आली.

क्लबात पत्त्यांचा डाव रंगला होता. चेन्सूने खुर्ची पुढे सरकवली. "काय म्हणतो आपला डेस?"

कार्म बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं, त्या ठेवीच्या विनोदासकट. हातातले पत्ते हातातच राहिले.

"सह्या घ्यायला आलास, तेव्हा त्याला विचारलं होतंस, कशासाठी म्हणून?" चेन्सूने विचारलं.

"नाही. माझा विश्वास होता त्याच्यावर."

"आणि आमचा तुझ्यावर," चेन्सू म्हणाला.